चार हिरव्या माश्या, आणि नाव कुठे थांबवायचं

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या मिसिसागाहून एका वाचकांनी चार फोटो पाठवले आहेत आणि सोबत थोडा वैतागही. पहिला फोटो जुलैतला. कोनफ्लॉवरवर बसलेली, मधमाशीच्या गोतावळ्यातली माशी, डोकं आणि छाती पाचूसारखी हिरवी, पोट मात्र काळं आणि त्यावर पांढरे पट्टे. दुसरा याच महिन्यातला, सप्टेंबरचा. पुढचा भाग तसाच हिरवा, पण पोट पिवळं-काळं. तिसरा परवाचा, ॲस्टरवरचा: लहानखुरी आणि नखशिखांत हिरवी. चौथा गेल्या दिवाळीत साताऱ्याला आजोळी काढलेला, परसातल्या वाळक्या काडीच्या तोंडाशी बसलेली इवलीशी हिरवी माशी. त्यांचं म्हणणं असं, की फोटोवरून नाव सांगणाऱ्या ॲपनं तीन वेळा तीन नावं दिली, शेजारी म्हणतो सगळ्या एकच, तेव्हा नक्की काय समजायचं? आणि साताऱ्याची ती हीच का?

आधी निकाल सांगते, मग खटला.

पहिली अगापोस्टेमॉन व्हायरेसेन्सची मादी आहे, त्यात मला शंका नाही. दुसरा अगापोस्टेमॉन वंशाचा नर. प्रजाती कोणती ते या फोटोवरून सांगता येणार नाही. तिसरी ऑगोक्लोरिनी गटातली, म्हणजे ऑगोक्लोरा किंवा ऑगोक्लोरेला. ॲप छातीठोकपणे 'ऑगोक्लोरा प्युरा' म्हणतंय, मी म्हणणार नाही. या तिन्ही 'स्वेट बी', म्हणजे घाम चाटणाऱ्या मधमाश्यांच्या कुलातल्या. चौथी स्वेट बी नाहीच. ती वेगळ्याच कुलातली, आपल्या काळ्या भुंग्याची चुलत बहीण.

शब्दांचं एक सांगून ठेवते. मराठीत 'प्रजाती' हा शब्द कुणी जीनससाठी वापरतं, कुणी स्पीशीजसाठी. वर्तमानपत्रांत तो स्पीशीजसाठी रुळला आहे, म्हणून मीही इथे तसाच वापरते. जीनसला वंश आणि फॅमिलीला कुल. स्वेट बी हे हॅलिक्टिडी या कुलाचं बोलीतलं नाव. जगभरात या कुलाच्या साडेचार हजारांच्या आसपास प्रजाती आहेत आणि त्यातल्या बऱ्याचशा काळ्या-तपकिरी, कुणाच्या नजरेत न भरणाऱ्या. घामातल्या क्षारांसाठी अंगावर येऊन बसतात म्हणून हे नाव. गंमत अशी, की अगापोस्टेमॉनला माणसाच्या घामात फारसा रस दिसत नाही. दुपारी अंगणात काम करताना कोपरावर बसून घाम चाटणारी बारकी माशी असेल, तर ती बहुतेक तिची धाकटी, मळकट रंगाची भावंडं असतात.

आता रंगाकडे वळते, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. लहानपणी काडेपेटीत सोनकिडा ठेवला असेल तर त्याचे पंख आठवा. वर्षानुवर्षं ठेवले तरी रंग विटत नाही, कारण तो मुळात रंगच नव्हे. कवचाच्या अतिशय पातळ थरांवरून प्रकाश परावर्तित होताना हिरवा तेवढा उठून येतो. मोरपिसाचं असंच आहे, आणि या माश्यांचंही. त्याचा परिणाम असा, की ऊन कुठून येतंय, तुम्ही कुठे उभे आहात, यावर एकच माशी हिरवी, निळसर किंवा तांबूस सोनेरी दिसते. प्रजातीच्या आतही फरक असतोच. ऑगोक्लोरा प्युरा गवती हिरवीही असते आणि मोरपंखी निळीही. ऑगोक्लोरेलात तर तांब्याच्या जुन्या घंगाळासारखी झाक असलेल्या माद्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. अगापोस्टेमॉनवर अलीकडे झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की हवेतल्या दमटपणानुसारही हा रंग बदलतो: कोरड्या हवेत निळ्याकडे, दमट हवेत हिरव्या-तांबूसकडे, आणि तो उलटाही फिरतो. संग्रहातले नमुने त्याहून अवघड. मारताना वापरलेलं रसायन, ओल, पेटीतली वर्षं, या सगळ्यांनी छटा सरकते. 'गडद हिरवी' आणि 'फिकट हिरवी' एवढ्या भांडवलावर प्रजाती ठरवणारा माणूस चुकणारच. मीही चुकले आहे, ते पुढे सांगते.

रंगाच्या आधी एक साधी चाचणी असते: ही मधमाशीच्या गोतातली तरी आहे का? हिरवी चकचकीत बाटलीमाशी, कचऱ्यावर दिसते ती, फोटोत फसवते. तिला पंखांची एकच जोडी, डोळे मोठे, आणि मिश्या इतक्या आखूड की फोटोत शोधाव्या लागतात. मधमाश्यांच्या गोतावळ्यात पंख चार आणि मिश्या लांब, कोपरात वाकलेल्या. दुसरी फसवणूक हिरव्या-निळ्या कुकू वास्प या छोट्या गांधीलमाशीची. ती दिसायला दागिन्यासारखी असते, पण अंगावर जाडेभरडे खळगे, केस जवळजवळ नाहीत, पराग गोळा करायची सोय नाही आणि पोटाची खालची बाजू आत वळलेली. छेडलं की ती गोळा होऊन बसते. स्वेट बीच्या मादीच्या मागच्या पायांवर केसांचे झुपके असतात आणि बहुतेक वेळा त्यात पिवळा पराग माखलेला असतो. काही ऑस्मिया माश्याही हिरव्या-निळ्या असतात. त्या पराग पायांवर नव्हे, पोटाच्या खालच्या बाजूच्या केसांत भरतात. पराग कुठे लागलाय एवढं पाहिलं तरी अर्धी गर्दी बाजूला होते.

हॅलिक्टिडी कुल पंखावरून ओळखतात. पुढच्या पंखाच्या मधोमध, मुळाकडच्या बाजूला एक शीर असते, ती या कुलात धनुष्यासारखी चांगलीच वाकलेली. इतर बहुतेक कुलांत ती सरळ किंवा किंचितच कललेली. पंख पसरलेला असेल तर हे चांगल्या फोटोतही दिसतं.

आणि मग येतो तो भाग, ज्यावर माझ्या मते या सगळ्या ओळखीचा डोलारा उभा आहे. माशीला मागून पाहा. छाती जिथे संपते आणि बारीक कंबर सुरू होते, तिथे छातीचा मागचा उतार असतो. अगापोस्टेमॉनमध्ये या उताराला चारही बाजूंनी उंच कड असते, परातीला असते तशी. आतला भाग सपाट आणि भोवती धारदार कंगोरा. ऑगोक्लोरिनी गटात अशी सलग कड नसते, तो भाग गोलसर उतरत जातो. हे एकदा नजरेत बसलं की ते परत विसरत नाही, आणि त्याला रंग लागत नाही, आकार लागत नाही, ऋतू लागत नाही. फक्त अडचण अशी, की फुलावरच्या माशीचा फोटो माणसं वरून काढतात आणि हा भाग पंखांखाली दडतो. तुमच्या चारही फोटोंत तो नाही.

पहिली मग मी कशी ओळखली? कारण तिथे निसर्गानं सूट दिली आहे. ओंटारिओत हिरवी छाती आणि काळं पोट, त्यावर पांढऱ्या केसांचे पट्टे, अशी मादी एकाच हिरव्या स्वेट बीची: व्हायरेसेन्स. टोरंटो शहरानं आपली अधिकृत माशी म्हणून हिलाच मान दिला आहे, त्यामुळे तुमच्या भागातल्या पोस्टरांवर तुम्ही तिला पाहिलं असेल. कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियसनं १७७५ मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणजे शास्त्राच्या दप्तरात ती अडीचशे वर्षं आहे. तिचं बिळाचं वागणं मला रंगापेक्षा जास्त मोहवतं. जमिनीत एकच दार, आत अनेक माद्या, पण एकत्र कुटुंब नव्हे. एका वाड्याचा दिंडी दरवाजा सामाईक आणि आत प्रत्येकीची चूल वेगळी. राणी कुणी नाही, प्रत्येकजण स्वतःच्या अंड्यांपुरतं राबते. दाराशी बहुतेक वेळा एकीचं डोकं भोकात बुचासारखं बसलेलं असतं, आणि परकी माशी आत शिरणं त्यामुळे अवघड होतं. तुमच्या कोनफ्लॉवरच्या वाफ्याजवळ मोकळी, गवत नसलेली माती असेल तर तिथे पेन्सिलच्या जाडीचं भोक शोधा.

नराचं सगळं वेगळं. अगापोस्टेमॉनच्या नराचं पोट पिवळं आणि काळं, म्हणूनच लोक त्याला गांधीलमाशी समजून झटकतात. डंख नराला नसतोच. इथे एक उपयोगी गोष्ट: ओंटारिओतल्या ऑगोक्लोरिनी गटाचे नरही पोटापर्यंत हिरवेच असतात. तेव्हा हिरवी छाती आणि पिवळे-काळे पट्टे दिसले, की वंश ठरला. आणि महिनाही मदत करतो. हिवाळा फक्त गाभण माद्या काढतात, त्यामुळे मे महिन्यात दिसते ती मादीच. नर उन्हाळा चढल्यावर येतात आणि शरदात फुलांवर, काड्यांवर रात्र काढताना सापडतात. नर की मादी याची खात्री करायची असेल तर मिशीचे मणके मोजा, नराला १३ आणि मादीला १२. पोटाच्या वरच्या पट्ट्या नराच्या सात दिसतात, मादीच्या सहा.

पण प्रजाती? दक्षिण ओंटारिओत अगापोस्टेमॉनच्या चार प्रजाती नोंदल्या आहेत: व्हायरेसेन्स, सेरिसियस, स्प्लेंडेन्स आणि टेक्सानस. त्यांचे नर एकमेकांपासून वेगळे करायचे तर मागच्या पायाचा आकार आणि त्यावरचा काळा-पिवळा नकाशा, पोटाची खालची बाजू आणि शेवटी जननांगं पाहावी लागतात. पश्चिमेकडच्या एका प्रजातीच्या नराची मागची मांडी इतकी फुगीर असते की नावच 'फेमोरेटस' पडलं. तुमच्या फोटोत नराची पाठ सुंदर आली आहे, बाकी काही नाही. तुमच्या अंगणात व्हायरेसेन्स आहे हे आपल्याला माहीत आहे, म्हणून 'हाही तोच असेल' हा अंदाज योग्यच, पण तो अंदाज आहे. नोंदीत मी वंशाचंच नाव लिहीन.

उरलेल्या तीन प्रजातींच्या माद्या पूर्ण हिरव्या असतात. त्यांच्यासाठी पाठ पाहायची, म्हणजे छातीची वरची बाजू, आणि तीही दहापट भिंगाखाली. तिथे बारीक खळगे असतात. टेक्सानसमध्ये हे खळगे दोन मापांचे: मोठे विरळ आणि त्यांच्या मध्ये अगदी बारके, जणू पुरणयंत्राच्या दोन जाळ्या एकावर एक ठेवल्या. सेरिसियसमध्ये ते एकाच मापाचे आणि दाट. स्प्लेंडेन्सची पाठ खडबडीत, सुरकुतल्यासारखी, पंखांवर धुरकट झाक, आणि तिला वाळूची जमीन आवडते. सरोवराकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर ती भेटण्याची शक्यता जास्त. १९७२ मध्ये रॉबर्ट्स यांनी या वंशाचं पुनरावलोकन लिहिलं, आणि आजही कुणी अगापोस्टेमॉन घेऊन बसलं की तिथूनच सुरुवात होते. पश्चिमेकडे टेक्सानस आणि अँजेलिकस या दोघी भेटतात. त्यांच्या माद्या एकमेकींपासून ओळखता येत नाहीत, असं आम्ही कित्येक वर्षं लेबलांवर सरळ लिहीत आलो: 'अँजेलिकस/टेक्सानस'. ती तिरपी रेघ माझ्या मते पूर्ण सन्मानाची ओळख आहे. पुढे टेक्सानसचीही फोड झाली आणि 'सबटिलिअर' हे जुनं, मोडीत निघालेलं नाव परत वापरात आलं. म्हणजे दहा वर्षांपूर्वीचं बिनचूक लेबलही आज अपुरं असू शकतं.

आता तुमच्या तिसऱ्या फोटोकडे, म्हणजे माझ्या आवडत्या डोकेदुखीकडे.

ऑगोक्लोरिनी हा गट फक्त अमेरिका खंडांतला. मुख्य वस्ती उष्ण प्रदेशात, सहाशेहून अधिक प्रजाती. त्यातली मूठभरच कॅनडाच्या दक्षिण कडेपर्यंत पोचतात. मादीच्या पोटाच्या पाचव्या पट्टीच्या मागच्या कडेला मधोमध चीर असते, ती या गटाची खूण. तुमच्या भागात तीन वंशांचा प्रश्न येतो: ऑगोक्लोरा, ऑगोक्लोरेला आणि ऑगोक्लोरॉप्सिस. नावं ठेवणाऱ्यांनी जरा दया दाखवायला हवी होती.

ऑगोक्लोरॉप्सिस आधी बाजूला काढा. ती थोडी दणकट असते. पंख छातीला जिथे जोडलेला असतो, तिथे एक छोटी टिकली असते, सगळ्याच माश्यांना. बाकी दोघींची टिकली लंबगोल. हिची आतल्या बाजूनं, मागच्या कडेला दबलेली, कोन आल्यासारखी. शिवाय पोटाच्या पहिल्या दोन पट्ट्यांच्या मागच्या कडेवर आखूड केसांची एकसारखी झालर, जणू दोरा मोजून कातरलेली. ही झालर चांगल्या फोटोत दिसते. तुमच्या माशीला ती नाही, म्हणजे ही नाही. या वंशातही नावांची फेरमांडणी झाली आहे: २०२२ मध्ये अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या प्रजातींचा आढावा निघाला आणि 'मेटॅलिका' या एका पोत्यात भरलेल्या माश्यांतून 'व्हिरिड्युला' वेगळी झाली, 'सुम्प्ट्युओसा'तून 'ह्युमेरॅलिस'. जुन्या पुस्तकात 'मेटॅलिका' वाचलंत तर ते नाव कोणत्या अर्थानं आलंय हे आधी विचारा.

राहिल्या ऑगोक्लोरा प्युरा आणि ऑगोक्लोरेला ऑराटा. आकार साधारण सारखा: प्युरा आठ मिलिमीटरच्या आसपास, ऑराटा बहुधा जराशी लहान. दोघी हिरव्या, दोघी ॲस्टरवर आणि गोल्डनरॉडवर. फरक तोंडावर. डोळ्यांच्या खाली, जबड्याच्या वर एक ढालीसारखी पट्टी असते. तिच्या वरच्या कोपऱ्यात चेहऱ्याचा एक तुकडा खाली घुसतो. प्युरामध्ये तो तुकडा टोकदार, लघुकोनी, पट्टीत पाचर मारल्यासारखा. ऑराटात तो काटकोनी किंवा त्याहून पसरट. बस, एवढंच. दुसरी खूण जबड्याची: प्युराच्या मादीच्या जबड्याच्या टोकाला दोन ठसठशीत दात, जवळजवळ सारखे. ऑराटाला मुख्य टोकाच्या मागे एक छोटासा दात. प्युराच्या दातांचं कारण तिच्या घरात आहे. ती कुजक्या ओंडक्यात, सालीखाली घर कोरते. ऑराटा मातीत राहते.

इथे माझी फजिती सांगायची राहिली होती. सुरुवातीच्या काळात मला एका संग्रहाची पेटी लावायला दिली होती. शंभराच्या वर हिरव्या माश्या. मी रंग पाहिला, माप पाहिलं, सगळ्यांवर 'ऑगोक्लोरा प्युरा' लेबलं लावली आणि दुपारी चहाला मोकळी झाले. दोन वर्षांनी तीच पेटी दुसऱ्या कामासाठी उघडली, तोवर चेहऱ्याची पाचर पाहायला शिकले होते. निम्म्याहून जास्त ऑराटा निघाल्या. त्या सगळ्या शेतबांधावरून, उघड्या मातीजवळून गोळा केलेल्या होत्या, जिथे कुजका ओंडका औषधालाही नव्हता. लेबलावर ठिकाण लिहिलेलं होतं, मी ते वाचलंच नव्हतं. टाचण्या एकेक काढून लेबलं बदलताना आठवडा गेला. तेव्हापासून माशी पाहण्याआधी मी तिचं गाव वाचते.

म्हणूनच तुम्हाला विचारते: ॲस्टरच्या आसपास जुना बुंधा, पडलेला ओंडका आहे का? असेल तर प्युराचं पारडं जड होतं. पण पुरावा म्हणून नाही. रानाच्या कडेला दोघी एकाच फुलावर येतात.

ऑराटाचं नाव जुन्या लेखांत 'स्ट्रायाटा' असं सापडेल. २००४ च्या पुनरावलोकनात ती दोन्ही एकच ठरली. तिच्यावरचं एक काम मला फार आवडतं. टोरंटोच्या यॉर्क विद्यापीठातल्या लॉरेन्स पॅकर यांनी नोव्हा स्कोशियात, म्हणजे तिच्या मुलखाच्या पार उत्तर टोकाला, तिची बिळं उकरून पाहिली. एरवी ही माशी छोट्या कुटुंबात राहते: वसंतात आई एकटी बीळ काढते, पहिल्या खेपेच्या मुली कामकरी होतात, त्या पुढची भावंडं वाढवतात. उत्तरेला उन्हाळा तोकडा. तिथे काही बिळांत कामकरी पिढी होती आणि काहींत आई एकटीच. एकच प्रजाती, एकच वस्ती, आणि संसाराच्या दोन तऱ्हा. वागण्यावरून प्रजाती ठरवायची कुणाला हौस आली, तर त्याला मी हे उदाहरण देते.

'मग डीएनए करा आणि मोकळे व्हा' असं तुमचा शेजारी म्हणेल. तेही ओंटारिओच्याच अंगणातलं आहे: ग्वेल्फ विद्यापीठातल्या पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये डीएनए बारकोडची कल्पना मांडली, पेशीतल्या एका ठरावीक जनुकाचा साडेसहाशेच्या आसपास अक्षरांचा तुकडा वाचून प्रजाती ओळखायची. माशीचा एक पाय पुरतो. मी वापरते आणि त्यानं कित्येक गुंते सुटले आहेत. पण बारकोड तुलना करतो ती आधी कुणीतरी ओळखून ठेवलेल्या नमुन्यांशी. तिथे माझ्या त्या पेटीसारखी लेबलं असतील तर यंत्र माझीच चूक मला नव्या कागदावर छापून देईल. शिवाय अगदी जवळच्या प्रजातींत तो तुकडा पुरेसा वेगळा असेलच असं नाही.

ज्यांना हे सगळं सोपं वाटत असेल त्यांच्यासाठी डायालिक्टस आहे. लॅसिओग्लोसम वंशातला हा उपवंश: चार ते सहा मिलिमीटरच्या, मळकट हिरव्या, पितळेवर धूळ बसावी तशा माश्या. घाम चाटतात त्या बहुतेक याच. जेसन गिब्ज यांनी २०१० मध्ये कॅनडातल्या ८४ प्रजातींचं पुनरावलोकन केलं आणि पुढच्याच वर्षी पूर्व उत्तर अमेरिकेतल्या ९७ प्रजातींचं. त्यातल्या एका नव्या प्रजातीचं नाव 'गॉथम', कारण ती न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या वनस्पती उद्यानात सापडली. जगातल्या सर्वांत जास्त पायदळी तुडवल्या जाणाऱ्या जमिनींपैकी एकीवर, आणि तोवर तिला नावच नव्हतं. डायालिक्टसच्या फोटोवर कुणी प्रजातीचं नाव ठोकलं, तर मी हात जोडते आणि पुढे जाते.

आता साताऱ्याची. अगापोस्टेमॉन आणि ऑगोक्लोरिनी भारतात नाहीतच, तेव्हा 'हीच का' याचं उत्तर नकाशावरच मिळतं. तुमच्या फोटोत ती वाळक्या काडीच्या मऊ गाभ्यात कोरलेल्या भोकाशी बसली आहे, चेहऱ्यावर फिकट पिवळी खूण आहे, अंग जवळजवळ केसरहित आणि पोट टोकाकडे जरा फुगत गेलेलं. ही सेरॅटिना, छोटी सुतारमाशी, एपिडी कुलातली. लाकूड पोखरणारा मोठा काळा भुंगा तिचा जवळचा नातलग. महाराष्ट्रात सर्रास दिसणारी हिरवी म्हणजे सेरॅटिना स्मॅरॅग्ड्युला. जुन्या यादीत ती 'पिथिटिस' या वंशनावानं आहे. पण तिच्यासारखी दुसरी हिरवी सेरॅटिना, बिंघामी, तीही आपल्याकडे आहे, म्हणून याही फोटोवर मी वंशाशीच थांबते. स्मॅरॅग्ड्युला हवाईतही जाऊन स्थायिक झाली आहे. घाणेरीच्या, गुलाबाच्या छाटलेल्या काड्या मामांनी जाळल्या नाहीत तर पुढच्या वर्षीही दिसेल, तेवढं त्यांना सांगा. आपल्याकडे खऱ्या स्वेट बीही भरपूर आहेत, पण त्या अशा लखलखीत हिरव्या नसतात. काहींच्या अंगावर हिरवट पितळी झाक असते, तर नोमिया वंशातल्यांच्या काळ्या पोटावर शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखे निळे-हिरवे पट्टे. ते एकदा उन्हात पाहाच.

फोटो कसे काढायचे हे विचारलं नव्हतं, तरी सांगते, कारण पुढचा प्रश्न तोच येईल. पाठीचा एक फोटो सगळेच काढतात. मला त्याशिवाय तीन हवे: समोरून चेहरा, मागून छातीचा उतार, आणि बाजूनं असा की पंखाच्या शिरा आणि मागचा पाय दिसेल. फुलावर ती बसत नाही हे मलाही ठाऊक आहे. काचेच्या छोट्या बाटलीत अलगद घ्या, झाकण लावा, फ्रीजमध्ये पाच-सात मिनिटं ठेवा. फ्रीझरमध्ये नव्हे. बाहेर काढल्यावर मिनिटभर ती सुस्त असते, तेवढ्यात पांढऱ्या कागदावर चारही बाजूंनी फोटो घ्या आणि फोनला वीस-तीस डॉलरचं क्लिप-भिंग लावा. मग तिला उन्हात फुलावर ठेवा. अंग शेकलं की उडून जाईल. मादी हातात दाबली गेली तर डसते, पण साध्या मधमाशीइतकं नाही. फोटोसोबत तारीख, जागा, फूल आणि जवळची माती किंवा लाकूड यांची एक ओळ लिहा. ॲपवर नोंद टाकताना प्रजातीचा चौकोन भरलाच पाहिजे असा नियम नाही. 'ऑगोक्लोरिनी' एवढंच लिहिलेली नोंद मी आनंदानं मान्य करते. 'प्युरा' लिहिलेली, आणि चेहरा न दिसणारी, मला परत मागे ढकलावी लागते, आणि त्यावर लोक रुसतात.

तेव्हा तिसऱ्या माशीचा चेहरा तेवढा पाठवा. ॲस्टर पहिल्या कडक दहिवरापर्यंत टिकतात आणि या माद्या हिवाळ्याआधी शेवटचं पोट भरायला तिथेच येतात, त्यामुळे अजून दोन-तीन आठवडे हातात आहेत. दुपारी अकरा ते दोनच्या दरम्यान, वारा नसताना बघा.